बंद पडलेली गाडी आणि अर्धा कापलेला ज्वालामुखी

ओलोतहून सायकल काढली तेव्हा चांगलीच धाकधूक होती. गाव साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि जिरोनाच्या दिशेला जायचं तर आधी सहाशे मीटरच्या थोडं वर चढून मग उतरायचं, असं नकाशावर दिसत होतं. मी कात्रजच्या जुन्या घाटात सायकल हातात धरून चालणाऱ्यांपैकी आहे. पण तो चढ आला कधी आणि संपला कधी ते कळलंच नाही. मागून हॉर्न नाही, ट्रकचा धूर नाही. एका बाजूला मक्याची शेतं, दुसऱ्या बाजूला झाडीत लपलेल्या गोल टेकड्या. यातल्या बऱ्याच टेकड्या म्हणजे विझलेले ज्वालामुखी.

बार्सेलोनाला एका समर स्कूलसाठी गेले होते, त्याला जोडून दोन दिवस काढले आणि गारोचा गाठलं. गारोचा हा कातालोनियाच्या ईशान्येचा भाग. इथे चाळीसेक ज्वालामुखीय शंकू आहेत. माझा पीएचडीचा विषय दख्खनचे लाव्हाप्रवाह, त्यामुळे इथे यायचं होतंच. पण आजची पोस्ट पुराचुंबकत्वावर नाही, ती पुढच्या वेळी. आज या रस्त्याबद्दल लिहायचंय, कारण परत आल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये.

चढ जाणवला नाही याचं कारण साधं आहे. हा रस्ता सायकलसाठी आखलेलाच नव्हता. ही रेल्वेची वाट आहे.

ओलोत हे डोंगरांत कोंडलेलं, पण कामधंद्याचं गाव. कापडाचे कारखाने होते, आणि १८८० पासून चर्चमधल्या संतांच्या मूर्ती घडवण्याच्या कार्यशाळाही होत्या. माल बाहेर न्यायचा तर खेचरं आणि गाड्या. रेल्वे हवी अशी मागणी जुनी होती, पण रुंद रुळांची गाडी या दऱ्यांमधून न्यायची म्हणजे बोगदे, पूल आणि अफाट खर्च. म्हणून ७५० मिलिमीटरचा, म्हणजे पाऊण मीटरचा अरुंद रूळ निवडला. रूळ अरुंद असला की गाडी आखूड वळणं घेऊ शकते, आणि मग डोंगर फोडण्याऐवजी त्याच्या कडेकडेनं जाता येतं. भांडवल लंडनमध्ये नोंदवलेल्या कंपनीचं. आपल्याकडची बार्शी लाइट आठवली ना? तीही १८९७ ची, तीही इंग्रजी भांडवलाची, आणि तिचा रूळ ७६२ मिलिमीटरचा. तो सगळा काळच स्वस्तातल्या छोट्या रेल्वेचा होता.

जिरोनाच्या बाजूचा पहिला टप्पा १८९५ मध्ये सुरू झाला आणि गाडी ओलोतला पोचली १९११ मध्ये. पंचावन्न किलोमीटरला सोळा वर्षं! (कुणाच्या तरी पीएचडीपेक्षा बरंच जास्त, असं मनाला समजावून घेतलं.) लोक तिला ‘कारिलेत’ म्हणायचे. छोट्या गाडीसाठीचा हा लाडका कातालान शब्द आहे. ही गाडी धावली ती पन्नास-साठ वर्षं. मग रस्ते आले, बस आल्या. १९५७ मध्ये सेआत ६०० ही चिमुकली मोटार बाजारात आली आणि दहा वर्षांत स्पेनमधला मध्यमवर्ग चारचाकीत बसला. तोट्यातली कारिलेत १९६९ च्या जुलैत बंद झाली. रूळ उखडले. वाट तेवढी उरली.

ती वाट मग काही वर्षं तशीच पडून होती. १९९३ पासून स्पेनमध्ये बंद रेल्वेमार्गांच्या ‘विया वेर्दे’, म्हणजे हिरव्या वाटा, करायची योजना सुरू झाली आणि तिच्यात हा मार्ग आला. काही स्टेशनांत आज खाणावळी आहेत, कुठे माहितीकेंद्र. थोडे तुकडे गावातल्या रस्त्यांतून जातात, तिथे गाड्या भेटतात, बाकी जवळजवळ सगळी वाट पायी आणि सायकलवाल्यांची. मोटारींनी गाडी बंद पाडली आणि तिच्या जागी मोटार नसलेला रस्ता मिळाला, हा उलटा हिशोब मला सायकल चालवताना सारखा आठवत होता.

पण वाटेचा सौम्यपणा सगळाच इंजिनिअरांचा नाही. ओलोत सोडलं की लेस प्रेसेसनंतर वाल द’एन बास हे सपाट खोरं लागतं. डोंगराळ मुलखात मधेच परातीसारखी सपाट जमीन दिसली की भूशास्त्राच्या माणसाला शंका येते. ओलोतच्या बाजूच्या लाव्हानं फ्लुविया नदीची वाट अडवली, पाणी साठलं, त्यात गाळ बसत गेला आणि तळं भरून शेतजमीन झाली. म्हणजे रेल्वेला आयती सपाटी दिली ती लाव्हानं. आज तिथे मका डोलतो.

याच नदीच्या काठी, सायकलवाटेपासून बाजूला, कास्तेलफोलित दे ला रोका आहे. फोटोत तुम्ही ते पाहिलं असेल: उभ्या काळ्या कड्याच्या अगदी टोकावर चिकटलेली घरांची रांग. कडा सुमारे पन्नास मीटर उंच आणि जवळजवळ किलोमीटरभर लांब. यात दोन लाव्हाप्रवाह एकावर एक आहेत, एक साधारण २ लाख १७ हजार वर्षांपूर्वीचा, दुसरा १ लाख ९२ हजार. लाव्हा थंड होताना आक्रसतो, वरून आणि खालून भेगा आत शिरत जातात आणि खडकाचे उभे स्तंभ बनतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला गेला असाल तर हेच पाहिलं आहे. फरक वयाचा. आपला दख्खन साडेसहा कोटी वर्षांचा, त्यापुढे हे कालचं पोर.

या कड्यापुढे १८३० मध्ये चार्ल्स लायेल उभा राहिला होता. ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’च्या तिसऱ्या खंडात, १८३३ मध्ये, त्यानं या भागाचं वर्णन छापलं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: नदीनं इतका टणक लाव्हा एवढा खोल कापलाय, आणि ही नदी काही राक्षसी नाही. मग वेळ किती लागला असेल बघा. पृथ्वीचं वय काही हजार वर्षं मानण्याचा तो काळ होता, आणि असा प्रत्येक कडा त्या समजुतीला तडा देत होता.

लायेलचं नाव सगळ्या पुस्तकांत सापडतं. मला मात्र फ्रान्सेस्क बोलोस जास्त आवडतो. ओलोतचा औषधविक्या. वनस्पती गोळा करायचा, दगड गोळा करायचा. आपल्या गावाभोवतीच्या टेकड्या ज्वालामुखी आहेत हे त्यानं नीट हिंडून, नोंदी करून १८२० मध्ये पुस्तिकेत छापलं. लायेलच्या दहा वर्षं आधी. बाहेरून आलेला शास्त्रज्ञ ‘शोध’ लावतो तेव्हा गावात कुणीतरी आधीच वही भरून ठेवलेली असते.

आता गावांबद्दल. जाहिरातींत सगळीकडे ‘मध्ययुगीन’ असा शिक्का असतो, त्याला जरा जपून घ्यावं. १४२७ आणि १४२८ मध्ये या भागात भूकंपांची मालिकाच झाली. हे ज्वालामुखीचे उद्रेक नव्हते, जमिनीतले प्रस्तरभंग सरकल्याचे धक्के होते. आमेर (हो, राजस्थानातलं नव्हे) हे वाटेवरचं गाव, तिथला जुना मठ, ओलोत, सगळ्यांना जबर मार बसला. ओलोत तर जवळजवळ नव्यानं बांधावं लागलं. सान्ता मार्गारिदा या ज्वालामुखीच्या मुखात, अगदी मधोमध, गवताळ बशीत ठेवल्यासारखं एक छोटं प्रार्थनामंदिर आहे. मूळ रोमानेस्क, पण १४२८ च्या भूकंपात पडलं आणि आजचं बांधकाम १८६५ चं. बेसालूचा तो प्रसिद्ध वाकडा दगडी पूलही तसाच. नदीतल्या खडकांवर पाय रोवत काटकोनात वळणारा पूल बाराव्या शतकातला म्हणून दाखवतात, पण १९३९ मध्ये यादवी युद्धाच्या शेवटी त्याचा काही भाग उडवला गेला आणि नंतर पुन्हा बांधला. त्याच बेसालूत ज्यूंचं विधिस्नानाचं दगडी कुंड १९६४ पर्यंत मातीखाली विसरलेलं होतं. म्हणजे ‘जुनं’ म्हणून जे दिसतं त्यातलं काही नवं, आणि खरं जुनं कधीकधी कुणाच्या तरी अंगणाखाली.

यामुळे माझा हिरमोड झाला नाही. उलट हे सगळं कुणीतरी पुन्हापुन्हा उभं केलंय हे कळल्यावर त्या भिंती जास्त नीट बघितल्या गेल्या.

आणि आता क्रोस्कात. खरं तर मी आले होते ती याच्यासाठी.

क्रोस्कात हा इथला सर्वांत तरुण ज्वालामुखी, सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीचा, १६० मीटर उंच. त्याच्याच लाव्हावर फाजेदा द’एन जोर्दा हे बीचचं जंगल वाढलंय. शंकू मुख्यतः लॅपिलीचा आहे, म्हणजे उद्रेकात उडून पडलेले वाटाण्या-सुपारीएवढे सच्छिद्र खडे. स्थानिक भाषेत ‘ग्रेदा’. हलके, सुटे, सुरुंगाची गरजच नाही, फावड्यानं ओढा आणि भरा. बांधकामाच्या हलक्या ठोकळ्यांना उत्तम माल. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोस्कातच्या कुशीत यंत्रं घुसली आणि बघता बघता डोंगराचा एक मोठा लचका गेला.

१९७५ मध्ये फ्रँको वारला. सभा घ्यायला, पत्रकं काढायला लोक नुकते मोकळे झाले होते, आणि ओलोतकरांनी ज्या गोष्टींसाठी आवाज उठवला त्यात हा डोंगर होता. शिक्षक, निसर्गप्रेमी, गिर्यारोहक, विद्यार्थी. समोर खाणींचा पैसा आणि खाणींवर अवलंबून असलेली घरं. ही बाजू विसरून चालत नाही, ते रोजगारही याच खोऱ्यातले होते. मोहीम काही वर्षं चालली. कातालोनियाची संसद १९८० मध्ये पुन्हा बसली, आणि ३ मार्च १९८२ ला तिनं गारोचाच्या ज्वालामुखी क्षेत्राच्या संरक्षणाचा कायदा केला. त्या वर्षातला तो फक्त दुसरा कायदा. इतकी कामं पडलेली असताना नव्या संसदेनं आधी हातात काय घेतलं, ते बघा.

कायदा झाला म्हणून यंत्रं दुसऱ्या दिवशी थांबली नाहीत. क्रोस्कातवरचं काम बंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. मग प्रश्न आला, या जखमेचं करायचं काय? भराव घालून, झाडं लावून झाकून टाकता आली असती. तसं केलं नाही. सैल भाग आवरला, पायवाट आखली आणि काप उघडाच ठेवला.

मी त्या कापाच्या तळाशी उभी राहिले. शंभरेक मीटर उंच भिंत, वर काळी, मधे विटकरी तांबडी, थरावर थर, उद्रेकाचा एकेक झटका मोजता येईल इतका स्वच्छ. पाठ्यपुस्तकातली आकृती अशी समोर कधीच पाहिली नव्हती. आणि तिथेच जरा अवघडल्यासारखं झालं. ज्या खोदकामाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्या खोदकामामुळेच मला हे दिसत होतं. अख्ख्या ज्वालामुखीत पोटातलं काही दिसत नाही, बाहेरून तो फक्त हिरवी टेकडी असतो.

माझं स्वतःचं कामही असंच चालतं, हे लपवण्यात अर्थ नाही. लाव्हाच्या दोन प्रवाहांमधली ताजी, न झिजलेली सीमा मला हवी असते, आणि ती मिळते घाटरस्त्याच्या कापात किंवा खडी क्रशरच्या मागच्या कड्यात. प्रबंधातले निम्म्याहून जास्त नमुने दगडखाणींमधले आहेत. चहा पाजणारे, शिडी देणारे, ‘मॅडम, हेल्मेट घाला’ म्हणणारे लोक तिथलेच. डोंगर संपत चाललाय म्हणून हळहळायचं आणि त्याच्याच कापावर ड्रिल लावायचं, हे मी चार वर्षं करतेय. क्रोस्कातमध्ये फरक इतकाच की खोदणं एका टप्प्यावर थांबलं आणि उघडा पडलेला भाग सगळ्यांना बघायला राहिला.

संध्याकाळी पुन्हा वाटेला लागले. सान्त फेलिऊ दे पायेरोल्सच्या आधीच उतार सुरू होतो, मग आमेर, मग तेर नदी सोबतीला येते. आंग्लेस आणि बोनमातीच्या जुन्या कापडगिरण्या मागे पडल्या, सॉल्टपाशी वस्ती दाट झाली, आणि जिरोनाच्या पहिल्या सिग्नलला मला दिवसभरानंतर प्रथमच ब्रेक दाबून उभं राहावं लागलं.

पुण्यात परतल्यावर तिसऱ्या दिवशी सासवडच्या बाजूच्या एका क्रशरवरून फोन आला. मी मे महिन्यात तिथे जाऊन एक सीमा खुणा करून ठेवली होती, नमुने पावसाळ्यानंतर घ्यायचे ठरलं होतं. पलीकडून मुकादम अगदी आपुलकीनं म्हणाले, “मॅडम, तुम्ही रंग मारून ठेवलाय ना, तो कडा येत्या आठवड्यात उडवतोय. तुमचं काही घ्यायचं असेल तर सोमवारपर्यंत या.”

रविवारी सकाळीच जाऊन आले. बावीस नमुने मिळाले.