सूत रोखीने, मजुरी चहाने

1872 च्या जानेवारीत विल्यम गथ्री नावाचे वकील सरकारी चौकशीसाठी लर्विकमध्ये येऊन दाखल झाले. स्कॉटलंडच्या उत्तरेला, समुद्रात विखुरलेल्या शेटलंड बेटांमधले लर्विक हे मुख्य गाव. शाली, मोजे, चेहऱ्यावर घ्यायच्या बारीक जाळ्या विणणाऱ्या बायका एकामागून एक त्यांच्यापुढे जबानी द्यायला येत होत्या. विणलेला माल कुठे देता, बदल्यात काय मिळते, असे प्रश्न होते. उत्तरे बरीचशी सारखीच होती: माल व्यापाऱ्याला द्यायचा आणि त्याच्याच दुकानातून चहा, सुती कापड, असे काहीबाही घ्यायचे. पैसे हातावर पडले तर चार-दोन पेन्स, तेही मागून मागून.

मग पुढच्या शालीसाठी लोकरीचे सूत कुठून आणायचे? इथे सगळी गोष्ट अडत होती. दुकानात सूत असले, तरी ते रोखीचे. विणलेल्या मालाच्या बदल्यात चहा मिळे, सूत मिळत नसे. म्हणजे बाईने महिनाभर डोळे फोडून शाल विणावी, ती देऊन चहाचे पुडे घ्यावेत, आणि दुसरी शाल सुरू करायला लागणारे सूत मात्र नगद पैसे मोजून आणावे, जे तिच्याकडे नसतच.

विणकामाचा इतिहास बहुतेक वेळा नक्षीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या गावची कोणती वेल, कोणत्या बेटाचा कोणता रंग. शेटलंडची गोष्ट नीट समजून घ्यायची असेल, तर सूत कोणाच्या हातात होते, याचा माग काढावा लागतो.

या बेटांवर विणून विकणे फार जुने. लर्विक हे गावच मुळात त्या बाजारामुळे उभे राहिले. सतराव्या शतकात हेरिंग मासे पकडायला डच गलबते दर उन्हाळ्यात इथल्या सुरक्षित खाडीत जमत. खलाशांना जाड, उबदार मोजे हवे असत आणि बेटावरच्या लोकांना नाणी हवी असत. किनाऱ्यावर दुकानांच्या झोपड्या पडल्या. दारू आणि मारामाऱ्या इतक्या वाढल्या, की 1625 मध्ये त्या झोपड्या पाडून टाकण्याचा हुकूम निघाला. तरी बाजार काही हटला नाही.

त्या काळचा एक पुरावा 1951 मध्ये गनिस्टर गावाजवळ मिळाला. जळणासाठी दलदलीतली पीट माती कापताना दोघा गावकऱ्यांना एका माणसाचे अवशेष सापडले. हाडे जवळजवळ विरघळून गेली होती, पण दलदलीने लोकर जपली होती. टोपी, हातमोजे, लांब पायमोजे आणि रंगीत नक्षीचा एक विणलेला बटवा. बटव्यात तीन नाणी: दोन डच, एक स्वीडिश. विणकाम आणि परदेशी चलन यांची गाठ तीनशे वर्षांपूर्वीच कशी पडली होती, ते इतक्या थोडक्यात दुसरे कोणतेच कागदपत्र सांगत नाही.

तेव्हा सूत घरचेच असे. शेटलंडची मेंढी अंगाने लहान, काटक. तिची लोकर मात्र अत्यंत मऊ. काळी, करडी, तपकिरी, पांढरी अशा नैसर्गिक रंगांची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिची जुनी लोकर आपोआप सैल होते. कात्री न लावता ती हातानेच उपटून घ्यायची पद्धत होती. मानेजवळची सगळ्यांत तलम लोकर बाजूला काढायची, तेल लावून विंचरायची, पेळू करायचे, चरख्यावर कातायचे आणि दोन धाग्यांना पीळ द्यायचा. अंगठीतून आरपार जाणाऱ्या ज्या शालींसाठी उन्स्ट हे उत्तरेकडचे बेट नावाजले, त्यांचे खरे श्रेय या कातणारीला द्यायला हवे. सहा फूट लांब, सहा फूट रुंद शाल आणि वजन शंभर ग्रॅमच्याही आत, असे सूत कातणे सगळ्यांना जमत नसे.

बायका चालतानाही विणत. पीटने भरलेली टोपली पाठीवर, हातात सुया. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याचे केस भरलेली आणि भोके पाडलेली छोटी गादी. एका सुईचे टोक त्या भोकात रुतवले, की सुई स्थिर राहते आणि दुसरा हात झरझर चालतो. हा पट्टा शेटलंडमध्ये आजही वापरात आहे.

बाहेरच्या जगाला या मालाची गोडी लागली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात लर्विकमध्येच जन्मलेल्या आर्थर अँडरसन यांचा मोठा वाटा होता. पी अँड ओ या जहाज कंपनीचे ते एक संस्थापक. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या कित्येक पिढ्यांना या कंपनीच्या बोटी माहीत होत्या. 1837 मध्ये अँडरसन यांनी व्हिक्टोरिया राणीला शेटलंडचे तलम पायमोजे भेट दिले आणि लंडनच्या उच्चभ्रू वर्गात त्यांची चर्चा सुरू झाली. 1851 च्या लंडनमधल्या भव्य प्रदर्शनात शेटलंडच्या शाली मांडल्या गेल्या. मागणी वाढली तसे तलम सुताचे भावही वाढले. पण ज्यांच्याकडे स्वतःची मेंढरे नव्हती, अशा लर्विकमधल्या बायकांची त्यातच कोंडी झाली.

त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घरी आणायचे, त्याच्यासाठी विणायचे आणि मजुरी त्याच्या वहीत जमा करून घ्यायची. सोलापूर-सिन्नरच्या विडी कामगार बाईला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही: पान-तंबाखू कारखानदाराचा, वळणारे हात हिचे आणि माल पसंत करायचा की नाही, हे तोच ठरवणार. दुसरी वाट म्हणजे कशीबशी रोकड उभी करून खेड्यातल्या कातणारीकडून किंवा दुकानातून सूत घ्यायचे आणि आपला माल आपण विकायचा. विकायचा मात्र त्याच व्यापाऱ्याला, त्याच चहाच्या बदल्यात.

सामान लगेच नको असेल, तर व्यापारी रकमेची चिठ्ठी देत. तिला तिथे ‘लाइन’ म्हणत. घरभाड्याला किंवा पिठाला पैसे लागले, की ही चिठ्ठीच कोणाला तरी विकायची. काही बायका मिळालेला चहा घेऊन खेडोपाडी जात आणि त्याच्या बदल्यात बटाटे, पीठ आणत. गथ्री यांनी हजारो प्रश्नोत्तरे जशीच्या तशी छापली. गरीब बायकांच्या कामाबद्दल त्यांच्याच तोंडचे इतके तपशील असलेला दस्तऐवज त्या शतकात विरळाच. शेटलंडचा अभ्यास करणाऱ्याने नक्षीची पुस्तके उघडण्याआधी हा अहवाल वाचावा.

अहवालानंतर कायदा व्हायला पंधरा वर्षे लागली. 1887 च्या कायद्यात एक कलम जणू याच बायकांसाठी घातले गेले: घरी बसून, बाहेरचे मजूर न लावता, कोणी पाच पौंडांहून कमी किमतीची लोकरी वस्तू विणून विकली, तर विणणाऱ्याला कामगार आणि घेणाऱ्या व्यापाऱ्याला मालक मानावे, म्हणजे मोबदला रोखीतच दिला पाहिजे. कागदावर इतके स्पष्ट असूनही मालाच्या बदल्यात माल देणे पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले. ती पद्धत खऱ्या अर्थाने मोडली ती दुसऱ्या महायुद्धात. बेटांवर मोठे सैन्य येऊन राहिले आणि घरी पाठवायला स्वेटर, हातमोजे विकत घेणारे सैनिक थेट विणणारीच्या दारात रोख पैसे मोजू लागले.

मधल्या काळात रंगीत नक्षीच्या फेअर आयल स्वेटरची लाट येऊन गेली होती. 1922 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स तो स्वेटर घालून गोल्फच्या मैदानावर आले आणि फॅशनच झाली. तलम जाळीपेक्षा हे काम लवकर उरकणारे. त्याला लागणारे सूत गिरणीत कातलेलेही चाले, म्हणून बेटावरची लोकर बोटीने मुख्य भूमीवरच्या गिरण्यांत जाऊन सूत होऊन परत येऊ लागली. चरखे मागे पडत गेले.

आज नवशिका विणकर लर्विकला गेला, तर नॉर्थ रोडवरचे ‘जेमिसन अँड स्मिथ’ हे दुकान त्याला कोणीही दाखवेल. 1940 च्या दशकात लोकरीची प्रतवारी करणाऱ्या एका शेतकऱ्याच्या धंद्यातून ते वाढले. शेकडो लहान शेतकऱ्यांची लोकर इथे येते, हाताने चाचपून वेगळी केली जाते आणि यॉर्कशायरच्या गिरणीत कातली जाते. संपूर्ण काम बेटावरच झालेले सूत हवे असेल, तर पश्चिम किनाऱ्यावरच्या सँडनेस गावात ‘जेमिसन्स’ची गिरणी आहे.

नवशिक्यासाठी हे सूत चांगले आहे, आणि त्याला सरळ कारण आहे. 25 ग्रॅमचा गुंडा, दोन पदरी, साधारण 115 मीटर लांब. धागा किंचित खरखरीत असल्यामुळे शेजारचे टाके एकमेकांना धरून राहतात. सुईवरून टाका निसटला, तर गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकसारखा तो सरसर खालपर्यंत उसवत जात नाही. याच गुणामुळे शेटलंडच्या बायका स्वेटर गोल नळीसारखा विणून मग सरळ कात्रीने मधोमध कापतात आणि तिथे बटणपट्टी जोडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. एक काळजी घ्यावी: लेबलवरचा रंगाचा लॉट क्रमांक पाहून स्वेटरला पुरतील तेवढे गुंडे एकदमच घ्यावेत. दोन लॉटमधला फरक गुंड्यात कळत नाही, पाठीवर पट्टा उमटल्यावर कळतो.

2010 पासून दर शरद ऋतूत इथे लोकर सप्ताह भरतो आणि जगभरातून विणणारे येतात. त्याच वर्षी पैशांच्या टंचाईमुळे बेटांच्या कौन्सिलने प्राथमिक शाळांतले विणकामाचे तास बंद करण्याचा निर्णय घेतला. ती उणीव स्थानिकांना फार लागली. ‘पीरी मकर्स’ या नावाने एका विश्वस्त संस्थेने मुलांसाठी मोफत वर्ग उभे केले. जाणत्या विणकर बाया तिथे स्वयंसेवक म्हणून शिकवतात, आणि मुले पहिला टाका घालायला शिकतात तो शेटलंडच्याच लोकरीवर, कमरेला तोच चामड्याचा पट्टा बांधून.