सुवालीचा किनारा आणि शब्दकोड्याचा रिकामा चौकोन

तापीचे पाणी खंभायतच्या आखातास जेथे मिळते, तेथे उत्तर तीरावर हजीरा वसले आहे व त्यास लागूनच सुवालीचा किनारा आहे. नदीच्या मुखाशी साचणाऱ्या गाळामुळे मोठ्या जहाजांस थेट सुरतेपर्यंत जाणे दुर्घट असल्याने, इंग्रज दर्यावर्दी याच किनाऱ्यालगतच्या खोल पाण्यात नांगर टाकीत. विल्यम हॉकिन्स 1608 साली ‘हेक्टर’ जहाज घेऊन सुरतेच्या मुखाशी आला. 1612 च्या नोव्हेंबरात टॉमस बेस्टने सुवालीसमोर पोर्तुगीज आरमाराशी झुंज दिली. आणि त्यानंतर मोगल अंमलाखालील सुरतेस ईस्ट इंडिया कंपनीची वखार कायम झाली. या वाटेने बनात आली, शिसे आले, तलवारीची पाती आली, आणि त्यांच्या जकातीचे हिशेब सुरतेच्या मुत्सद्द्याच्या, म्हणजे मोगल बंदर-अधिकाऱ्याच्या, कचेरीत झाले. परंतु त्याच वखारीच्या हिशेबवह्यांतून व पत्रव्यवहारातून जी इंग्रजी अक्षरे या मुलखात रुजली, त्यांवर जकात बसविण्याचे त्या काळी कोणाच्या ध्यानी आले नाही. ती बसली सुमारे साडेतीनशे वर्षांनी, आणि तीही मोठ्या चमत्कारिक निमित्ताने.

मधल्या काळातील एक प्रकरण सांगण्याजोगे आहे. कंपनीचा सुरतेचा दलाल भीमजी पारेख याने प्राचीन ब्राह्मणी ग्रंथ छापण्याच्या हेतूने विलायतेहून मुद्रक मागविला, आणि शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला त्याच 1674 साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक छापखान्याच्या सामग्रीसह मुंबईत उतरला. त्यास छापता येत होते. मात्र देशी लिपीचे खिळे पाडणे त्याच्या विद्येबाहेरचे होते. भीमजीची मनीषा अपुरी राहिली ती एवढ्याचसाठी. यंत्र होते, द्रव्य होते, ग्रंथही होते. अक्षरे तेवढी नव्हती.

इंग्रजी राज्य स्थिरावल्यावर त्या परकी वर्णमालेची घोकंपट्टी घरोघर सुरू झाली. सी-ए-टी कॅट असा घोष ओट्याओट्यावरून ऐकू येऊ लागला, तर्खडकरी पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या झिजल्या, आणि स्पेलिंग चुकणे हे शुद्धलेखन चुकण्याहून अधिक लाजिरवाणे ठरले. अशा समाजात शब्दकोडे आले, हे लक्षात ठेवले पाहिजे. आर्थर विन याने 21 डिसेंबर 1913 रोजी न्यू यॉर्कच्या एका वृत्तपत्रात पहिले कोडे छापले, लंडनच्या ‘टाइम्स’ने 1930 साली त्यास आपल्या पानावर जागा दिली, आणि मुंबईच्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’सारख्या पत्रांतून बक्षिसांची कोडी सुशिक्षितांच्या घरी पोचली.

बक्षिसी कोड्याची रचना वरवर अगदी निरागस दिसे. समजा, एका आडव्या ओळीत डब्ल्यू, ओ आणि आर ही तीन अक्षरे छापलेली असून चौथा चौकोन रिकामा आहे. शब्दकोश शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून लावलेला असल्यामुळे या ठिकाणी त्याचा उपयोग होतो. पण आद्याक्षरच गाळलेले असेल तर तो जाडजूड ग्रंथ मुका होतो, आणि मग जॉन वॉकरने 1775 साली शब्दांच्या शेवटावरून लावलेला यमककोश बाळगणारा गृहस्थ मोठा भाग्यवान ठरतो. असो. आपल्या उदाहरणात वर्ड, वर्क, वर्म, वोर, वोर्न आणि वनस्पतिवाचक वर्ट असे सहा शब्द सापडतात. सूचक वाक्य या धाटणीचे असे: ‘थोर पुरुषाचे हे त्याच्या मागे उरते.’ चार शब्द तत्काळ गळतात. उरतात दोन, कृती आणि उक्ती. आणि आमचा इंग्रजीचा पदवीधर येथवर ज्या ऐटीत आलेला असतो, ती ऐट येथे संपते. दोन्ही शब्द शुद्ध, दोन्ही अर्थास जुळणारे, आणि चालकांनी कोणता योजला हे मात्र आधीच मोहोरबंद केलेल्या उत्तरात दडलेले! आजचे यंत्र तीन अक्षरे दिली की सहाही शब्द निमिषार्धात पुढे मांडते; परंतु त्या दोहोंपैकी कोणता, या प्रश्नापाशी तेही पदवीधराइतकेच असहाय असते.

असे दहा चौकोन असले म्हणजे प्रत्येकी दोन पर्याय धरून 1,024 निरनिराळी उत्तरे होतात. म्हणून एकाच माणसाने एका कोड्यास अनेक प्रवेशपत्रिका पाठवाव्या, प्रत्येकीचे शुल्क भरावे, आणि त्या शुल्काच्या राशीतूनच बक्षिसे निघावी, असा हा व्यवहार होता. माझ्या मते येथे इंग्रजीच्या ज्ञानाची परीक्षा नव्हती. त्या ज्ञानाच्या अभिमानावर लावलेली ती पैज होती, आणि फासे टाकावयास जो संकोचला असता तोच सद्‌गृहस्थ येथे निःसंकोच पैसे लावी.

सरकारच्या दृष्टीस हे पडल्यावाचून राहिले नाही. मुंबई इलाख्याने 1948 साली सोडती व बक्षीस-स्पर्धा यांच्या नियंत्रणाचा व करवसुलीचा कायदा केला. तो इलाख्यात छापल्या जाणाऱ्या पत्रांपुरता होता, आणि ‘स्पोर्टिंग स्टार’ हे पत्र तर म्हैसूर राज्यातील बंगळूरला छापले जाई. त्यातील ‘आर. एम. डी. सी.’ कोड्यांच्या पत्रिका व शुल्क मात्र मुंबई राज्यात ठिकठिकाणी नेमलेल्या प्रतिनिधींमार्फत गोळा होत. तेव्हा 1952 च्या दुरुस्तीने राज्याबाहेरील पत्रांसही कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले. सुरत जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच असल्यामुळे, हजीऱ्याहून कोणी बंगळूरचे कोडे भरले असते तरी त्यावरील कर मुंबईच्या खजिन्यात जमा व्हावयाचा होता.

चालक आर. एम. डी. चमारबागवाला यांनी हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली. सर्वोच्च न्यायालयाने 9 एप्रिल 1957 रोजी तो निकाल फिरविला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातील द्यूतकाराच्या सूक्तापासून महाभारत व स्मृतींपर्यंत जुगाराच्या निषेधाची परंपरा उलगडून, जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे, असा निर्णय दिला. इंग्रजी शब्दांच्या तंट्यात ऋग्वेदाची साक्ष निघावी, हा योग भीमजी पारेखाला खचित आवडला असता.

त्याआधीच 1955 च्या केंद्रीय कायद्याने बक्षिसांची रक्कम महिन्यास 1,000 रुपयांपर्यंत आणि पत्रिकांची संख्या 2,000 पर्यंत आवळली होती. या मर्यादेविरुद्धच्या खटल्याचा निकालही त्याच दिवशी लागला: मर्यादा मुख्यतः दैवावर चालणाऱ्या स्पर्धांसच लागू, बुद्धिकौशल्याच्या कोड्यांस नव्हे. ज्याचे उत्तर एकच आणि तर्काने निघणारे, असे कोडे कोणीही खुशाल छापावे, अशी मोकळीक त्यामुळे राहिली. पण एका शंकेच्या चौकोनासाठी पत्रिकांमागून पत्रिका पाठविणारा तो गिऱ्हाईकवर्ग अशा कोड्याकडे कशाला वळतो?