दाब, धर, सोड

२००१ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला झालं होतं आणि आम्ही तिला घेऊन नांदेडला परत येत होतो. गाडी जुनी, टाटा सुमो. अहमदपूर मागे पडलं आणि क्लचचं पेडल पायाखाली जे गेलं, ते वर आलंच नाही. बाहेर अंधार, रिमझिम पाऊस, मागच्या सीटवर डोळ्याला पट्टी बांधलेली आई. शेवटी इंजिन बंद केलं, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि तसाच सेल्फ मारला. हिसका देत गाडी निघाली. लोह्यावरून नांदेडपर्यंत जमेल तितकं न थांबता आलो. प्रत्येक हिसक्याला अम्मी पट्टीवर हात धरायची. डोळा वाचला, पण त्या रात्रीचा माझा जीव अजून टांगलेलाच आहे.

दुसऱ्या दिवशी अंगणात गाडीखाली शिरलो तेव्हा कारण कळलं. क्लचच्या खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण काळ्या तेलानं ओलं झालं होतं. काही दिवसांपूर्वी कुणीतरी वरच्या डबीत ब्रेक ऑइलऐवजी इंजिनाचं तेल ओतलं होतं. त्या तेलानं आतले वॉशर फुगतात, त्यांची पकड जाते. मग तेल गळतं आणि त्याच्या जागी हवा शिरते.

हवा हाच खरा शत्रू, हे मला माझ्या मामूनं शिकवलं होतं. मामू नांदेडचे मोटार मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत. ते म्हणत, "तेल दबता नहीं, हवा दबती है." एवढ्या एका वाक्यात साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, हे मला कितीतरी उशिरा कळलं.

बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडला. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. पुढे १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामा यांनी या नियमावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. लहान नळीत थोडा जोर लावायचा आणि मोठ्या नळीतून कितीतरी पट जोर घ्यायचा, अशी ती युक्ती. अमेरिकेत १९२१ मध्ये ड्युसेनबर्ग कंपनीच्या मोटारीला चारही चाकांवर तेलाच्या दाबाचे ब्रेक आले. क्लचलाही पुढे तीच युक्ती लागली.

आमच्याकडे मात्र ही विद्या मोटारीच्या आधी कापसातून आली. १९००च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद रेल्वे नांदेडवरून धावू लागली आणि आमच्या भागातल्या कापसाला दूरची बाजारपेठ मिळाली. रेल्वेत भरायचा तर कापूस दाबून गाठी बांधायला हव्यात. त्यासाठी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. मामूचे वडील अशाच एका प्रेसवर कामाला होते. लहानपणी त्यांची भाकरी घेऊन जाताना डोंगराएवढा कापूस बघता बघता घट्ट गाठ होताना मामूनं पाहिला होता. पास्कलचं नाव त्यांच्या कानावर कधी पडलं नाही, पण पास्कलचा जोर त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. तेव्हापासून मोटारीबरोबर मिस्त्री आला, आणि मिस्त्रीबरोबर पाना देणारं पोर आलं.

त्या पोरांतला मी एक. मामू गाडीखाली आणि मी ब्रेकच्या पेडलवर. खालून आवाज यायचा, "दबा!" मग "पकड के रख!" आणि शेवटी "छोड!" घाई केली की शिवी ठरलेली.

सुमोच्या क्लचचं कामही तसंच केलं. आधी गाडी सपाट जागी लावून चाकांना पुढून-मागून उटी दिली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नसतं. खाली भक्कम स्टँड हवाच. मग पाइपचं नट सैल केलं, दोन बोल्ट काढले आणि जुना सिलिंडर उतरवला. आतली भिंत खरवडलेली होती. अशा सिलिंडरला नुसतं वॉशर किट टाकून भागत नाही, म्हणून नवाच बसवला. वरच्या सिलिंडरचे वॉशर बदलले, पाइप धुऊन काढला आणि डबीत ताजं ब्रेक ऑइल भरलं. हे तेल रंग खातं. सांडलं की लगेच पाण्यानं धुवावं.

मग बायकोला पेडलवर बसवलं. हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावली आणि तिचं टोक तेल घातलेल्या बाटलीत बुडवलं. तिनं पेडल सावकाश दाबून धरलं की मी निपल उघडायचो. बुडबुडे निघायचे. निपल बंद केल्यावरच तिला म्हणायचो, "सोड." हा क्रम चुकला तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत येते. अधूनमधून डबीत तेल घालत राहावं लागतं. डबी रिकामी झाली की सगळी मेहनत वाया. पंधरा-वीस वेळा दाब-धर-सोड झालं, बुडबुडे थांबले, आणि बायको वरून म्हणाली, "आता कडक लागतंय." तो शब्द ऐकून बरं वाटलं.

पुण्याच्या टाटांची ही सुमो १९९४ साली आली. सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून तिचं नाव पडलं. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. माझ्या मुलाच्या आजच्या गाडीत खालचा सिलिंडर थेट गिअरबॉक्सच्या पोटात आहे. तो बदलायचा तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. अंगणात ते होणं नाही. गाडी चांगली आहे, तक्रार नाही. पण पेडलवर बसून पोरानं बापाचं ऐकायचं आणि बापानं पोराच्या पायावर भरवसा ठेवायचा, ती संधी गेली.

मामूंच्या हयातीत मी त्यांना पास्कलची गोष्ट एकदा सांगितली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या पेडलवर कोण बसायचं?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)