लॅपटॉपची बटणं आणि दिवे: फॉर्म भरण्याआधी ओळखून घ्या

कोराडीतली आपली मुलं शिष्यवृत्तीचे फॉर्म ऑनलाइन भरतात. पासवर्ड माहीत असूनही 'चुकीचा' दाखवत असेल, तर आम्ही आधी तीन गोष्टी बघायला सांगतो.

कॅप्स लॉक: दिवा लागलेला असेल तर इंग्रजी अक्षरं कॅपिटल पडतात. पासवर्डला लहान-मोठं अक्षर वेगळं असतं.

नम लॉक: उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं असतील आणि नम लॉक बंद असेल, तर आकडे उमटत नाहीत, कर्सरच सरकतो.

भाषा: मराठी, उर्दू जोडलेली असेल तर विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. कोणती चालू आहे, ते स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दिसतं.

वायफाय अचानक गेलं तर विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का, तेही बघा. वारंवार चुकीचा पासवर्ड टाकल्यास खातं लॉक होऊ शकतं, आणि फॉर्मची शेवटची तारीख काही थांबत नाही.