‘सिस’ची कुळकथा

आत्याचा गाल दुखायला लागला तेव्हा आधी एक दाढ काढली, मग शेजारचीही. दुखणं तिथल्या तिथेच. चूळ भरताना, भाट्याच्या पुलावरचा वारा नुसता गालाला लागला तरी वीज चमकल्यासारखी कळ जायची. शेवटी कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘एमआरआय ब्रेन, सिससह’. परतताना आंबा घाट उतरेपर्यंत तो ‘सिस’ माझ्या डोक्यात घोळत होता.

दुखणं जुनंच. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातला डोळा, भुवई, कानशील धरणारा ‘अनंतवात’ तो हाच, असं अनेक वैद्य मानतात. फ्रान्समध्ये निकोला आंद्रे यांनी १७५६ साली त्याला ‘तिक दुलुरो’ म्हटलं. मेंदूतून निघणाऱ्या ट्रायजेमिनल नसेला बऱ्याचदा एखादी धमनी टेकलेली असते, हे अमेरिकेतल्या वॉल्टर डँडी यांनी १९३४ मध्ये मांडलं. पण त्यांना ते कवटी उघडल्यावर दिसलं होतं.

नेहमीच्या एमआरआयचे काप साधारण ५ मिलिमीटरचे. गाठ असली तर त्यात कळते. नस आणि धमनी मात्र एकाच कापात विरून जातात.

सिसचा मूळपुरुष एमआरआयच्याही आधीचा. अणुकेंद्रांना विसावू न देता रेडिओलहरींचे ठोके देत राहिलं, तर त्यांचा संकेत एका पातळीवर टिकतो, हे हर्मन कार यांनी १९५८ मध्ये दाखवलं. पुढे या युक्तीने चित्रं निघू लागली तेव्हा त्यांत पाणी पांढरंशुभ्र दिसे. खोट एवढीच, की चुंबकीय क्षेत्र जरा कमीजास्त झालं की चित्रावर काळे पट्टे. आणि कवटीच्या तळाशी, जिथे हाड आणि हवा शेजारी नांदतात, तिथे तर हटकून. मग त्याच जागेची दोन चित्रं घ्यायची, दुसऱ्या वेळी ठोक्यांची फेज बदलायची. पट्टे सरकतात, आणि दोन्ही चित्रं एकत्र केली की पुसले जातात. हेच सिस, काप मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ. बेल्जियमच्या यान कासेलमन यांनी १९९३ मध्ये ते अंतर्कर्णाजवळच्या भागासाठी वापरून दाखवलं. सिमेन्सच्या यंत्रावर ‘सिस’, जीईच्या यंत्रावर ‘फिएस्टा-सी’. भावकी एकच, आडनावं वेगळी.

गंमत अशी, की हे चित्र नसेचं नाहीच, तिच्याभोवतालच्या पाण्याचं आहे. भर दुपारी खाडी चकाकते तेव्हा होडीचा दोर काळा उठून दिसतो, तशी ती दिसते. पण धमनीही काळीच! दोन दोरांतला कुठला कोण? म्हणून जोडीला ‘टाइम ऑफ फ्लाइट’ घेतात. त्यात वेगाने वाहतं रक्त उजळतं. संथ नीलांसाठी गॅडोलिनियमचं इंजेक्शन. इतकं करूनही, कधीच न दुखलेल्या माणसांतसुद्धा टेकलेली धमनी सापडते. त्यामुळे मला त्या डॉक्टरांचं ऐकून घेणं यंत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आत्याने फिल्म खिडकीशी धरली, चष्मा सारखा केला. मी काळा दोर दाखवला.

“ते असू दे रे,” ती म्हणाली, “यात माझ्या दाढा कुठे होत्या ते सांग.”