बाहेरचा जाहिरातवाला कधी बोलवावा? तीन जुने दाखले

आजचा विषय वरवर पाहता व्यवस्थापनाच्या वर्गातला वाटेल. धंद्यानं आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी बाहेरचा माणूस कधी आणावा? म्हणजे पगारावर ठेवलेला नाही. कामापुरता, मोसमापुरता, महिन्यातले चार दिवस येणारा. लहान कारखानदार, गृहउद्योग चालवणाऱ्या बायका, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या, सगळ्यांपुढे हा प्रश्न आहे. कायमचा माणूस परवडत नाही आणि बाहेरच्यावर भरवसा बसत नाही. चुकलं तर वर्षाची कमाई जाते, म्हणून हा प्रश्न साधा नाही. आपण तो इतिहासाला विचारून पाहू.

सुरुवात पैशापासून करू, कारण या धंद्याची सगळी गोम तिथंच आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात व्हॉल्नी पामर नावाचे गृहस्थ वर्तमानपत्रातली जागा जाहिरातदारांना विकून देत. त्यांना दलाली मिळायची ती वर्तमानपत्राकडून. म्हणजे व्यापाऱ्याच्या पेढीवर येऊन बसणारा हा माणूस खरा कोणाचा? वर्तमानपत्राचा! पुढे १८७० च्या दशकात त्याच शहरातल्या एन. डब्ल्यू. एअर अँड सन या कंपनीनं खुला करार आणला. वर्तमानपत्राचा खरा दर जाहिरातदाराला सांगायचा आणि त्यावर ठरलेली टक्केवारी घ्यायची. तेव्हा कुठं एजंट गिऱ्हाइकाच्या बाजूला येऊन बसला. पुढे १५ टक्के हा दर जगभर रूढ झाला, आपल्याकडेही तो दीर्घकाळ चालला. पण त्यातही एक मेख राहिलीच. गिऱ्हाईक जितका जास्त खर्च करणार, तितकी एजंटाची मिळकत जास्त. तेव्हा बाहेरच्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न हा, की बाबा, तुझं पोट कशावर चालतं?

आता पहिला दाखला आपल्या घरचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगितलं जातं. १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आता विचार करा, या मालाची जाहिरात मुंबईच्या एखाद्या एजन्सीनं केली असती तर? तोवर मुंबईत एजन्स्या निघाल्याही होत्या, गिरगावातली बी. दत्ताराम १९०५ ची. पण इथं अडचण चित्राची किंवा मजकुराची नव्हतीच. शेतकऱ्याच्या मनातली भीती काढायची होती, आणि ती ज्याला ठाऊक तोच ती काढू शकणार. किर्लोस्करांनी हे काम घरात ठेवलं. घराण्यातलेच शंकरराव किर्लोस्कर चित्रकला शिकलेले होते. त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची आणि अवजारांची माहिती देणारं ते पत्रक हळूहळू मराठीतलं मोठं मासिक झालं, आणि त्याच घरातून १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघालं.

यातून आपल्याला काय मिळतं? गिऱ्हाइकाला माल नेमका का नको आहे हेच जोवर कळलेलं नाही, तोवर बाहेरचा माणूस आणू नये. ते शोधण्याचं काम मालकाचं. ते भाड्यानं करून घेता येत नाही.

दुसरा दाखला १९४६ सालचा. टाटा एअरलाइन्सची एअर-इंडिया झाली ते हे वर्ष. कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बॉबी कूका पाहत. विनोदबुद्धी तल्लख, कंपनी आतून-बाहेरून माहीत, पण ते चित्रकार नव्हते. चित्रकार होते उमेश राव, जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीत काम करणारे. या दोघांनी मिळून मिशाळ, वाकून अदब करणारा महाराजा घडवला. आणि लक्षात घ्या, तो काही मोठ्या मोहिमेसाठी काढलेला नव्हता. विमानात प्रवाशांना द्यायच्या टिपणवहीसाठी काढलेलं ते चित्र! आवडलं, मग ते जाहिरातीत आलं, कचेऱ्यांत आलं, पुढे जगभर गेलं.

म्हणजे डोकं घरचं, हात बाहेरचा, आणि सुरुवात एका लहानशा कामानं. आज आपण ज्याला लवचीक पद्धत म्हणतो ती हीच. वर्षभराचा करार करण्याआधी एक वेष्टन, एक पत्रक, एका मेळाव्यातला स्टॉल एवढंच काम देऊन पाहावं. जमलं तर वाढवावं, नाही जमलं तर दोघंही मोकळे. पण कूकांसारखा एक माणूस आत हवा बरं का. बाहेरच्यानं आणलेलं काम पाहून ‘हे आपलं’ आणि ‘हे आपलं नव्हे’ असं सांगणारा आत कोणी नसेल, तर उत्तम चित्रकारसुद्धा वाया जातो.

तिसरा दाखला आणंदचा. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ चा, आणि व्हर्गिस कुरियन तिथं पोहोचले १९४९ साली. लोण्याच्या बाजारात तेव्हा पोल्सनचं राज्य होतं. पोल्सनचं लोणी आंबवलेल्या सायीचं, खारट. लोकांच्या जिभेला तीच चव लागलेली. अमूलचं लोणी ताज्या सायीचं, म्हशीच्या दुधाचं, म्हणून पांढरंफेक. गिऱ्हाइकाला ते सपक वाटलं. शेवटी अमूलला आपल्या लोण्यात मीठ आणि रंग घालावा लागला. आता हा प्रश्न कुठल्या जाहिरातीनं सुटला असता? नाहीच. माल आधी बाजाराशी जुळवून घ्यावा लागतो, आणि तेही घरचंच काम.

ते झाल्यावर, १९६६ साली, लोण्याच्या जाहिरातीचं काम मुंबईच्या एका एजन्सीकडे गेलं. तिथं सिल्व्हेस्टर दा कुन्हा होते आणि चित्रकार युस्टस फर्नांडिस होते. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती लहान मुलगी त्यांनी घडवली आणि मुंबईच्या रस्त्यांवर आणली. पुढे चालू घडामोडींवर, इंग्रजी शब्दांशी खेळ करत फलक लागू लागले. आणंदच्या दूध उत्पादकाला दूध कळतं, फॅट कळतं, संकलन कळतं. मुंबईकराला कुठल्या कोटीवर हसू येईल हे त्याला कसं कळणार, आणि का कळावं? हे कसब बाहेरूनच आणायचं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. कुरियन यांनी एजन्सीला मोकळीक दिली. प्रत्येक फलक आधी आणंदला मंजुरीसाठी पाठवायचा नाही. नाहीतर काय झालं असतं? मुंबईत घडलेल्या गोष्टीवरचा विनोद आणंदला जाणार, तिथं चार जण तो पाहणार, पाचवा शंका काढणार, आणि परत येईपर्यंत लोक ती गोष्ट विसरलेले असणार. मोकळीक ही इथं मेहेरबानी नव्हती, कामाची गरज होती. आणि ती देणं परवडलं, कारण मालाच्या दर्जाबद्दल आणि आपण कोण आहोत याबद्दल आणंदमध्ये गोंधळ नव्हता.

तीन दाखले शेजारी ठेवले की क्रम दिसतो. किर्लोस्करांच्या वेळी गिऱ्हाइकाची अडचण समजून घ्यायची होती, ते काम घरात राहिलं. एअर-इंडियात समज होती, हात नव्हता, तो बाहेरून घेतला आणि निवाडा घरी ठेवला. अमूलमध्ये माल आणि ओळख पक्की होती, म्हणून कसब आणि निर्णय दोन्ही बाहेर सोपवता आले.

आपल्याकडे बहुतेकदा याच्या उलट होतं. खप थांबला की घाबरून बाहेरचा माणूस आणायचा, त्याला माल धड समजावून सांगायचा नाही, प्रत्येक ओळीत मात्र ढवळाढवळ करायची, आणि तीन महिन्यांनी ‘जाहिरातीत काही अर्थ नाही’ म्हणून त्याला निरोप द्यायचा. यात पैसा जातो तो लहान धंद्याचा, ज्याच्याकडे दुसऱ्यांदा चुकायला पैसा नसतो.

तेव्हा बोलवण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारू या. माल न घेणारा माणूस तो का घेत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे का? बाहेरच्याकडून नेमकं कुठलं कसब हवं आहे? त्याचं काम पाहून हो-नाही म्हणणारा आपल्यात कोण? आणि त्याची मिळकत आपला खर्च वाढण्यावर अवलंबून आहे का? पहिल्या तिघांची उत्तरं असतील आणि चौथ्याचं ‘नाही’ असेल, तर खुशाल बोलवा, लहान काम देऊन बोलवा. पहिल्याच प्रश्नाला अडलात, तर तो पैसा प्रवासाला ठेवा आणि दहा गिऱ्हाइकांच्या घरी स्वतः जाऊन या.

इथं थांबतो. आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू.