प्रकाशोपचार, श्वासमार्गाच्या शोथावरील

दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा रोग) यांतील शोथ, म्हणजे दाहयुक्त सूज, तांबड्या किंवा निकट-अवरक्त प्रकाशाने उतरवू पाहणारी प्रायोगिक पद्धत. सुमारे ६०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा मंद लेसर किंवा एलईडी छातीच्या त्वचेवर धरतात. ऊतक भाजत नाही.

त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल मिळाले होते. आजची पद्धत मात्र बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांच्याकडून आली. १९६७ मध्ये उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर लेसर सोडल्यावर केस लवकर उगवल्याचे त्यांना दिसले. पेशीतील मायटोकॉन्ड्रियातले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर हा प्रकाश शोषते, असा प्रचलित खुलासा आहे. ब्राझीलमध्ये सिगारेटचा धूर दिलेल्या उंदरांत लेसरनंतर फुप्फुसातील दाहक पेशी घटल्या. पण उंदराच्या छातीची भिंत काही मिलिमीटरच जाड असते. माणसाची त्वचा, चरबी, स्नायू आणि फासळ्या ओलांडेपर्यंत बहुतेक प्रकाश विखुरतो किंवा शोषला जातो. ही अडचण प्रचारपत्रकांत सहसा नसते. सीओपीडीच्या 'गोल्ड' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत या उपचाराची शिफारस नाही.

ज्या सीओपीडीवर हा उपचार सुचवला जातो, त्याचे मूळ ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत बरेचदा धुरात सापडते. बिनखिडकीच्या घरातली चूल आणि फुंकणी, पावसाआधी भाताच्या रोपासाठी पालापाचोळा व शेण पसरून भाजलेला राब, दिवाळीनंतर पेटणाऱ्या वीटभट्ट्या, जिथे कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह मुक्कामाला असतात. आयुष्यात विडी न ओढलेल्या बाईलाही म्हणून धाप लागते. पीटर बार्न्स आणि तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हाच मुद्दा मांडला : सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते.

जुना खोकला दिसला की क्षयासाठी थुंकी तपासतात, आणि ते योग्यच. मात्र थुंकी निर्दोष निघाल्यावर स्पायरोमीटर या फुंक मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला लावले नाही, तर सीओपीडी निदानाविना राहतो. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदातली फुंक एकूण फुंकेच्या ०.७० पेक्षा कमी भरली, तर अडथळा कायमचा मानतात. उपचाराचा कणा म्हणजे श्वासातून घ्यायचे औषध, लोकांच्या भाषेत 'पंप'. पंपाची सवय लागते या भीतीने तो मध्येच सोडणारे पुष्कळ. ती भीती निराधार आहे.